उत्तरेकडचा हॉल आणि थंड हिरवा रंग: शेडकार्डच्या आधी फरशी आणि ट्यूबलाइट बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे दुसरं कोणी वाचलं तरी संदर्भ लागेल. गोरेगाव पूर्वेला सात मजली बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्यावर घर, हॉल साधारण १० बाय १६, एकच मोठी स्लायडिंग खिडकी आणि ती उत्तरेला, समोर तीस-पस्तीस फुटांवर दुसऱ्या विंगची पिवळट क्रीम भिंत. खाली क्रीम व्हिट्रिफाइड टाइल्स, सासूबाईंचा सागवानी सोफासेट जो काढायचा नाहीये, आणि भिंतींना तुम्हाला हलका, थंड, राखाडीकडे झुकणारा हिरवा हवाय. मिस्टर म्हणतात हॉस्पिटल वाटेल. नेटवर वाचलंय की उत्तरेच्या खोलीला थंड रंग लावूच नये. पेंटर म्हणतोय गणपतीच्या आधी चार दिवसांत उरकून देतो. आणि तुम्हाला माझ्याकडून शेड नंबर हवाय.

शेड नंबर मी देणार नाही, आणि ते टाळायचं म्हणून नाही. मी जुन्या दादर-गिरगावातल्या बिल्डिंगींपासून ठाण्या-गोरेगावच्या टॉवरपर्यंत घरं करते आणि हलका हिरवा हा रंग माझ्याकडे सारखा मागितला जातो, आणि माझा अनुभव असा आहे की पांढऱ्याच्या जवळच्या सगळ्या रंगांमध्ये आजूबाजूच्या गोष्टींमुळे सगळ्यात जास्त बदलणारा रंग हाच. एकाच डब्यातला हिरवा एका घरात सुंदर राखाडी-हिरवा दिसतो, दुसऱ्या घरात पिस्ता आइस्क्रीमचा होतो आणि तिसऱ्या घरात मळकट. म्हणून तुमचा खरा प्रश्न "कुठला हिरवा" हा नाहीये, "माझ्या हॉलमधला उजेड आणि फरशी मिळून हिरव्याचं काय करतील" हा आहे. तो सुटला की शेड तुम्ही स्वतः दुकानात उभं राहून निवडाल. अर्थात मी घर बघितलेलं नाही, तुमच्या टाइलमध्ये गुलाबी झाक आहे की पिवळी, समोरची भिंत नक्की किती पिवळी, घरात दिवे दिवसा लागतात का, यावर बरंच काही अवलंबून आहे, त्यामुळे जिथे जर-तर आहे तिथे तसंच लिहिते.

आधी उत्तरेचा उजेड. "उत्तरेच्या खोलीत निळसर थंड उजेड येतो, तिथे थंड रंग लावला तर खोली उदास होते" हा सल्ला चुकीचा नाहीये, पण तो ज्या देशांत लिहिला गेला तिथला आहे. लंडन ५१ अंश उत्तर अक्षांशाच्या वर आहे. डिसेंबरात तिथला दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो, मग उत्तरेच्या खोलीला नुसता आकाशाचा फिकट निळा उजेड मिळतो आणि तोही थोडा वेळ. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे. आपल्याकडे डिसेंबरातसुद्धा दुपारचा सूर्य ४७ अंशांच्या आसपास असतो, आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत तर तो दुपारी डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो. शिवाय उन्हाळ्याच्या सगळ्या महिन्यांत सूर्य ईशान्येकडून उगवून वायव्येकडे मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊनही येतं. आपला त्रास उजेड कमी असण्याचा फार कमी वेळा असतो, चकाकी आणि उकाड्याचा जास्त असतो. अशा शहरात भिंत डोळ्यांना गार वाटली तर ती चांगलीच गोष्ट आहे.

आता तुमच्या केसमध्ये आणखी एक गंमत आहे. तुमची खिडकी उत्तरेला म्हणजे समोरच्या विंगची तुमच्याकडे बघणारी भिंत दक्षिणेला तोंड करून आहे. तिच्यावर वर्षातले बरेच महिने थेट ऊन पडतं. तुमची बिल्डिंग सातच मजली आणि तुम्ही सहाव्यावर, म्हणजे तुमच्या बिल्डिंगची सावली तुमच्या पातळीवर हिवाळ्याच्या दुपारीसुद्धा समोरच्या भिंतीवर चढत नसणार (पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्यांचं गणित वेगळं, त्यांना सावलीतली भिंत दिसते). ती उन्हातली क्रीम भिंत तो उजेड परत तुमच्या हॉलमध्ये फेकते. म्हणजे कागदावर तुमचा हॉल उत्तरेचा असला तरी वर्षातले बरेच महिने तुमच्याकडे येणारा उजेड चक्क पिवळसर, ऊबदार आहे. खात्री करायची असेल तर एक कोरा पांढरा प्रिंटर पेपर घ्या, दुपारी बारा-एकला सगळे दिवे बंद करून खिडकीपासून पाच-सहा फूट आत धरा आणि बघा तो निळसर दिसतो की क्रीम. क्रीम दिसला तर तुम्ही निवडलेला थंड हिरवा तुमच्या भिंतीवर कार्डापेक्षा थोडा उबदार, थोडा पोपटीकडे झुकलेला दिसणार हे धरून चाला आणि त्या हिशोबाने एक पायरी जास्त राखाडी, जास्त निळसर घ्या. निळसर दिसला तर उलट, फार निळा हिरवा टाळा. पावसाळ्यात मात्र दोन्हीकडे सारखंच, ढगांचा करडा उजेड सगळं सपाट करतो, आणि कोणी समोर निळी ताडपत्री लावली असेल तर तिचीही झाक आत येते, ते तीन-चार महिने कुठल्याच रंगाला न्याय मिळत नाही, त्यावरून निर्णय घेऊ नका.

खिडकीबाहेर झाड असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. माटुंगा, पार्ल्यासारख्या ठिकाणी दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर जिथे खिडकीभर पर्जन्यवृक्ष किंवा आंबा असतो तिथे बाहेरूनच हिरवा उजेड आत येतो, तिथे भिंतीला हिरवा लावला की हिरव्यावर हिरवा चढतो, अशा घरात मी भिंत जवळजवळ पांढरीच ठेवायला सांगते. तुमच्याकडे तो प्रश्न नाही.

हॉस्पिटलचा मुद्दा. मिस्टरांना हसण्यावारी नेऊ नका, त्यांना जे आठवतंय ते खरं आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये हिरवा आला तोच विचारपूर्वक. सॅन फ्रान्सिस्कोचे सर्जन हॅरी शर्मन यांनी १९१४ मध्ये थिएटर हिरवं रंगवून घेतलं, कारण तेव्हा सगळं पांढरंशुभ्र असायचं आणि प्रखर दिव्यात त्याची चकाकी डोळ्यांना त्रास द्यायची, आणि सतत लाल रक्ताकडे बघून नजर पांढऱ्यावर गेली की हिरवट डाग तरंगताना दिसतात, हिरव्या भिंतीवर ते विरून जातात. नंतर दुसऱ्या हॉस्पिटलांतही तो पसरला. आपल्याकडे सरकारी इमारतींमध्ये, जुन्या दवाखान्यांत, शाळांत, अगदी चाळींच्या जिन्यांतही तो दिसायचा, खाली चार-पाच फूट हिरवा ऑइलपेंट आणि वर पांढरा चुना. मिस्टरांना जे हॉस्पिटल आठवतंय ते नुसत्या हिरव्याचं नाही, तीन गोष्टी एकत्र आल्यावर होतं. एक, चकचकीत ऑइलपेंट. दोन, अर्धी भिंत रंगवून केलेला पट्टा. तीन, पांढऱ्याफटक ट्यूबलाइटखाली स्वच्छ, कच्चा पुदिन्यासारखा हिरवा ज्यात राखाडी अजिबात नाही. या तिन्हीतलं काहीच तुमच्या हॉलमध्ये येऊ दिलं नाही तर हॉस्पिटल येत नाही.

तिसऱ्याबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण गाडी बहुतेक तिथेच घसरते. पेंटमधला हिरवा बऱ्याचदा थॅलो ग्रीन नावाच्या रंगद्रव्यातून येतो. तांब्याच्या संयुगापासून बनतं, उन्हात उडत नाही, निळसर झाकेचं आणि प्रचंड ताकदवान, हळदीसारखं, चिमूटभर जास्त झालं की सगळा पदार्थ त्याचाच. पांढऱ्या बेसमध्ये नुसतं तेच घातलं की मिंट होतो, तोच तो दवाखान्याचा. तुम्हाला हवा असलेला मऊ हिरवा होण्यासाठी त्यात काळं आणि पिवळं ऑक्साइड, कधी थोडं लाल ऑक्साइड जावं लागतं, लाल जातं म्हणून हिरव्याची धार मोडते. दुकानातलं टिंटिंग मशीन हे थेंब मोजून टाकतं. म्हणून कृपा करून पेंटरला पांढरा डबा आणि हिरव्या स्टेनरची (घट्ट रंगाची) ट्यूब आणून हाताने रंग बनवू देऊ नका, कितीही चांगला कारागीर असला तरी. एकतर तो कच्चा हिरवा होतो आणि दुसरं म्हणजे उद्या एक हात कमी पडला तर तोच रंग पुन्हा होत नाही.

दुकानात गेल्यावर शेडची पट्टी बघायची पद्धत. तुम्हाला आवडलेली फिकट चिप बघू नका, त्याच पट्टीतली सगळ्यात गडद चिप बघा. फिकट रंगात झाक लपते, गडदमध्ये ती उघडी पडते. खालची चिप मोरपंखी निघाली तर तुमचा फिकट रंग निळा खेचणार. शेवाळी किंवा मेंदीची निघाली तर पिवळा खेचणार. खालची चिप जर पावसात भिजलेल्या पाटीच्या दगडाची, राखाडी-हिरवी, नाव ठेवता येणार नाही अशी असेल तर ती पट्टी तुमच्या कामाची. मग त्याच पट्टीत वरून दुसरी किंवा तिसरी.

किती फिकट यासाठी एक आकडा उपयोगी पडतो, एलआरव्ही म्हणतात, भिंत शंभरातला किती उजेड परत फेकते ते. चांगला पांढरा ८५ च्या आसपास असतो. एकाच खिडकीच्या १६ फूट लांब हॉलला मी ६० ते ७० च्या मधला हिरवा घेते. ५० च्या खाली गेलात तर खिडकीपासून लांबची भिंत दुपारीच काळवंडते आणि दिवा लावावा लागतो. ७५ च्या वर गेलात तर आपल्या उजेडात हिरवा धुऊन निघतो, पांढराच वाटतो पण जरा आजारी पांढरा. काही कंपन्या हा आकडा शेडबरोबर देतात, नसेल तर डीलरला विचारा. आणि हे लक्षात ठेवा की कार्डावरचा रंग भिंतीवर नेहमी जास्त गडद आणि जास्त हिरवा वाटतो, कारण चारही भिंती एकमेकींवर रंग फेकत राहतात. छोट्या खोलीत हे जास्तच होतं. त्यामुळे कार्डावर "हा फारच राखाडी वाटतोय, हिरवा कुठे आहे" असा प्रश्न पडला की बहुतेक वेळा तीच बरोबर शेड असते. हे ऐकायला विचित्र वाटेल पण यावर विश्वास ठेवा.

फरशी. याच्याकडे कोणी बघत नाही आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण भिंत परत रंगवता येते, फरशी तशीच राहते. गेल्या पंचवीसेक वर्षांत मुंबईत बिल्डरने घातलेल्या क्रीम टाइल्समध्ये बहुतेकांत गुलाबी किंवा पिवळी झाक असते. गुलाबी म्हणजे लालाकडची, आणि लाल-हिरवा एकमेकांना उठाव देतात, म्हणजे थंड हिरवी भिंत आली की इतके वर्षं क्रीम वाटणारी फरशी अचानक गुलाबी दिसायला लागते आणि घरातले म्हणतात रंग चुकला. रंग चुकलेला नसतो, फरशी उघडी पडलेली असते. तपासायचं सोपं आहे, तोच पांढरा कागद फरशीवर टेकवा आणि बघा फरशी कुठल्या बाजूला झुकते. पिवळी असेल तर तुमचं काम सोपं, राखाडी-हिरवा त्यावर छान बसतो. गुलाबी असेल तर हिरव्यात निळी झाक अजिबात नको, थोडा पिवळट-राखाडी, कोरड्या गवती चहाच्या पातीचा असतो तसा घ्या, आणि सोफ्याखाली ज्यूटचा किंवा बिनरंगी सुती गालिचा टाका म्हणजे भिंत आणि फरशी थेट भिडत नाहीत. (ज्यांच्याकडे जुनी कोटा फरशी आहे ते नशीबवान, कोटामध्ये मुळातच हिरवा-राखाडी असतो, त्यांनी डोळे मिटून हा रंग लावावा. जुन्या मोझॅकच्या टाइल्सवरही हा रंग फार शोभतो, कृपया त्या उखडू नका.)

सासूबाईंचा सागवान ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. सागाचा सोनेरी तपकिरी आणि राखाडी-हिरवा यांचं इतकं जमतं की मी कधी कधी उलटं करते, घरात जुना साग आहे म्हटल्यावर हिरवा सुचवते. फक्त त्यावर लाल-काळपट पॉलिश चढवलेलं असेल, पूर्वी तशी पद्धत होती, तर पॉलिशवाल्याला ते काढून नैसर्गिक मॅट फिनिश करायला सांगा, रंगकामाच्या आधी. लालसर महोगनी पॉलिश आणि थंड हिरवा म्हणजे परत तोच लाल-हिरव्याचा तंटा. पडदे पांढरेशुभ्र नकोत, कोऱ्या मांजरपाटाचा रंग असतो तसे घ्या. पितळेची समई, तांब्याचा घंगाळ वगैरे असेल तर माळ्यावरून खाली काढा, थंड हिरव्याला तेवढीच ऊब लागते. कुशनला गेरूचा किंवा विटेचा रंग थोडासा चालतो, पोपटी कुशन मात्र नको, शेजारी ताजा हिरवा आला की भिंत मळकी दिसते.

आता दिवे, आणि इथे मी जरा आग्रही आहे. आपल्याकडे घरोघरी ६५०० केल्विनची ट्यूब असते (केल्विन म्हणजे उजेडाचा रंग सांगणारा आकडा, जितका मोठा तितका उजेड निळसर), तो निळसर पांढरा उजेड. त्यात थंड हिरवा आणखी निळा होतो आणि माणसांचे चेहरे त्यात भर घालून फिके, थकलेले दिसतात कारण भिंतीचा हिरवा चेहऱ्यावर पडतो. दुसऱ्या टोकाला हॉटेलसारखे २७००-३००० चे पिवळे दिवे लावले की तुम्ही मेहनतीने निवडलेला हिरवा संध्याकाळी बेज होऊन जातो, पैसे वाया. मी या रंगासाठी ४००० केल्विन लावते, दुकानात नॅचरल व्हाइट म्हणून मिळतो, आणि पॅकवर सीआरआय बघून ९० किंवा त्याच्या वरचा घ्या, तो आकडा दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगतो, साध्या दिव्यांचा ८० च्या आसपास असतो. सोफ्याशेजारी एखादा ३००० चा टेबल लॅम्प वेगळा ठेवा, माणसं जिथे बसतात तिथे चेहऱ्यावर ऊब हवी. एक गोष्ट मात्र तुम्हाला आपोआप मिळणार आहे. दिवेलागणीच्या वेळी उजेड उतरायला लागला की आपला डोळा लाल-केशरीला कमी आणि निळ्या-हिरव्याला जास्त प्रतिसाद देतो, भर उजेडात डोळ्याची सर्वात जास्त संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरला असते, अंधारात ती ५०७ कडे सरकते. त्यामुळे सागाचा सोफा अंधारात जातो तेव्हाही ही भिंत हलकी उजळ राहते. या रंगाच्या प्रेमात मी पडले ते याच वेळेमुळे, शक्य असेल तर रोज दहा मिनिटं दिवा उशिरा लावून बघा.

सॅम्पल. भिंतीवर फासू नका, जुन्या पिवळट भिंतीवर कुठलाही हिरवा चुकीचाच दिसतो. दोन फूट बाय दोन फुटाचा जाड पांढरा कार्डशीट घ्या, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, त्यावर दोन हात मारा, कडेने दोन इंच पांढरी पट्टी सोडा म्हणजे डोळ्याला तुलना राहते. तीन शेडचे तीन कार्ड करा, त्याहून जास्त केलेत तर घरात भांडणं होतात. ओला रंग बघून ठरवू नका, इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) वाळल्यावर थोडा गडद होतो. मग ते कार्ड खिडकीच्या भिंतीवर, समोरच्या भिंतीवर आणि सोफ्यामागे उभं, हो उभं, फरशीवर आडवं ठेवून नाही, असं फिरवा आणि सकाळी, भर दुपारी, पाचच्या सुमाराला आणि रात्री नव्या ४००० च्या दिव्याखाली बघा. मिस्टरांना रात्री दाखवा, कारण ते घरात बहुधा रात्रीच असणार आणि त्यांनी तेव्हाचाच हॉल बघायचाय. ट्यूब बदलायच्या आधी दाखवलंत तर ते नाही म्हणतील आणि त्यात त्यांची चूक नसेल.

इथपर्यंतचं एका दमात: आधी कागदाने उजेड आणि फरशी तपासा, मग दिवे बदला, मग राखाडीकडे झुकलेल्या, ६०-७० एलआरव्हीच्या तीन शेड आणा, कार्डावर बघा, आणि त्यातली सगळ्यात कमी "हिरवी" वाटणारी घ्या.

फिनिश मॅट किंवा फार तर सॉफ्ट शीन, म्हणजे किंचित चमक असलेलं. तुमची खिडकी एका टोकाला आहे, उजेड लांबट भिंतीवर तिरका सरकत जातो, त्यात चमकदार रंग असला की पुट्टीचा (पेंटर तिलाच लांबी म्हणतात) प्रत्येक उंचवटा दिसतो. घरात लहान मुलं असतील तर मॅटमध्येच धुता येणारं महागातलं इमल्शन घ्या, स्वस्त मॅट पुसलं की त्या जागी चमक येते आणि फिक्या हिरव्यावर ती कायम दिसते. सिलिंग पांढरं ठेवा पण निळ्या झाकेचं सुपरव्हाइट नको, साधा ऑफव्हाइट. हिरवा चारही भिंतींना लावा. एकच भिंत हिरवी आणि तीन पांढऱ्या हे गडद रंगाला चालतं, इतक्या मऊ रंगाला नाही, तो एकटा पडतो आणि चुकून राहिल्यासारखा दिसतो.

आता पेंटर आणि गणपती. इथे मी सरळ सांगते, थांबा. मुंबईत मान्सून सर्वसाधारणपणे ११ जूनच्या आसपास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो, गणपती कुठल्याही वर्षी यातच येतात. तुमची उत्तरेची भिंत बाहेरची भिंत आहे, तिने तोपर्यंत दोन-तीन महिने पाऊस प्यायलेला असतो. इमल्शन पाणी उडून वाळतं, हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असेल तर ते वेळेवर वाळत नाही, चार दिवसांत पुट्टी, प्रायमर आणि दोन हात म्हणजे ओल्यावर ओलं. मग दिवाळीपर्यंत फुगे, नंतर पोपडे, नाहीतर भिंतीतला लोणा (क्षार) पांढऱ्या पावडरीसारखा वर येतो. पांढऱ्या भिंतीवर लोणा लपतो. हिरव्यावर लपत नाही. आणि ओलीचा पिवळट डाग फिक्या थंड हिरव्यावर जितका घाण दिसतो तितका दुसऱ्या कुठल्याच रंगावर दिसत नाही.

बाप्पा दीड दिवस असोत की पाच, मखरामागे छान सुती कापडाचा पडदा लावा, भिंती पुसून घ्या आणि रंगकाम पाऊस गेल्यावर, दिवाळीच्या आधी किंवा सरळ दिवाळीनंतर थंडीत ठेवा. दिवाळीआधी पेंटर मिळत नाहीत हे खरंय, म्हणून आत्ताच तारीख घेऊन ठेवा. काम सुरू करायच्या आधल्या दिवशी बाहेरच्या भिंतीवर दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, २४ तासांनी काढा, आतून दव किंवा भिंतीवर गडद ठसा दिसला तर भिंत अजून ओली आहे, पेंटरला परत पाठवा, पैशाचं काय ते नंतर बघता येईल. खिडकीच्या चौकटीखालून पाणी येत असेल तर आधी ते बंद करा, सोसायटीशी बोलून बाहेरून. आतून कितीही महागडा डॅम्पप्रूफ कोट मारला तरी पाणी दुसरीकडून वाट काढतं.

तुमची बिल्डिंग नवी असेल तर हे तुम्हाला लागू नाही, पण जुन्या घरातले कोणी वाचत असतील तर: आधीचा ऑइलपेंट खरवडताना कोरडा घासू देऊ नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम आपल्याकडे २०१६ चा आहे आणि अमलात आला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही. ओलं करून खरवडा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला तेवढे दिवस दुसरीकडे पाठवा, धूळ ओल्या फडक्याने उचला.

रंग किती लागेल ते. तुमच्या हॉलच्या चार भिंती मिळून दारं-खिडकी वगळता साधारण ४०० चौरस फूट होतील. चांगलं इमल्शन दोन हातांना लिटरला १२० च्या आसपास जातं, म्हणजे साडेतीन लिटर. चार लिटरचा एकच डबा बनवून घ्या, एक-एक लिटरचे चार नाही. पॅसेजलाही हाच लावणार असाल आणि दोन डबे लागत असतील तर काम सुरू करायच्या आधी दोन्ही एका बादलीत ओतून ढवळून घ्या, मशीनवर बनवलं तरी डब्याडब्यात किंचित फरक पडतो आणि राखाडी-हिरव्यात तो भिंतीच्या मधोमध दिसतो. काम झाल्यावर उरलेला अर्धा लिटर फेकू नका, काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि डब्यावरचं टिंटिंगचं स्टिकर, ज्यावर शेड कोड, बेस आणि तारीख असते, ते काढून बरणीला चिकटवा. पुढच्या पावसाळ्यानंतर खिडकीखाली एखादा हात फिरवावा लागेलच, तेव्हा तोच रंग हाताशी असेल.

टाइलचा आणि पांढऱ्या कागदाचा एकत्र फोटो दिवसाउजेडी काढून टाकलात तर गुलाबी की पिवळी ते मी बघून सांगते, फोनचं फिल्टर आणि फ्लॅश दोन्ही बंद ठेवा.